चिंधामायचे भाऊबंद

"चिंधामायनं घर हाईच शे का?"

मे महिन्यातली दुपार होती. मी गच्चीवर कुरडया घालत होते आणि खाली आमच्या फाटकासमोर धुळे पासिंगची पांढरी गाडी उभी होती. काळा गॉगल लावलेली एक बाई, तिच्या दोन मुली आणि रुमालाने मान पुसणारा नवरा. मी शेजारच्या घराकडे बोट दाखवलं. भटूआप्पा दार उघडं टाकून आतच बसलेले होते. ते पट्ट्यापट्ट्याच्या पायजम्यात आणि बनियनवर बाहेर आले, तर ती बाई त्यांना म्हणाली, "काका, जरासं चिंधामायले बलावा ना. आम्ही लांबथीन उनूत."

आप्पा तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बठा, आते बलावस."

आत जाऊन दहा-बारा मिनिटांनी ते आले ते हिरवं नऊवारी लुगडं नेसून, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून आणि पदर दातात धरून. "काय वं माय, उनात का? मन्हा जीव तं तुमनी वाट देखी देखी थकी गया!" बाई किंचाळलीच. मुलींनी माय माय करत दोन्ही बाजूंनी मिठ्या मारल्या, नवऱ्याने फोटो काढले, मग नवऱ्याचे फोटो मुलींनी काढले. आप्पांनी पाण्याचे पेले भरून आणले होते आणि चहाचं आधण ठेवलं होतं. पण त्यांना पुढे जायचं होतं. गाडी गेली. दारापुढच्या वट्ट्यावर ताटात पाण्याचे चार पेले भरलेले तसेच राहिले, आणि आप्पा लुगड्यातच खाली बसून त्यातलं पाणी एकेक करून कुंडीत ओतायला लागले.

खानदेशात ज्याच्या हातात मोबाईल आहे त्याने चिंधामाय पाहिलेली आहे. सुनांना फाडून खाणारी, व्याह्याला कोपरखळ्या मारणारी, बसमध्ये अर्ध्या तिकिटासाठी भांडणारी ही म्हातारी लग्नाच्या हळदीत, केळीच्या वखारीत, सुरतच्या यंत्रमागांवर, कुठेही ऐकू येते. भटूआप्पांना मात्र शहाद्यातसुद्धा आमच्या गल्लीपलीकडे कोणी फारसं ओळखत नव्हतं. मी त्यांची शेजारीण. एका शाळेत भूगोल शिकवते, आणि पुरुषाने लुगडं नेसून हसवायचं हा प्रकार मला जन्मात आवडलेला नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

आप्पा एसटीत कंडक्टर होते. शहादा, तळोदा, अक्कलकुवा अशी सगळी नोकरी त्यांनी डोंगराच्या कडेकडेने केली. निवृत्त झाले तरी त्यांच्यातला कंडक्टर काही उतरला नाही. कोणी भेटायला आलं की म्हणायचे, "सरका, सरका, मांगे जागा शे," आणि घरात तर ते एकटेच असायचे. बोलणं संपलं की तोंडाने टण टण अशी डबल बेल द्यायचे. मी घाईत असले की मीच फाटकातून टण टण करायची, म्हणजे त्यांना राग यायचा नाही. माझ्या बोलण्याची ते यथेच्छ टिंगल करायचे. "तुमनी मराठी इस्तरीनी शे, मॅडम. तिले सुरकुती पडी जाई म्हनीसन माले बोलानं भ्याव लागस." आमच्या घरी गुजर समाजाची गुजरी बोलतात, शाळेत मी प्रमाण मराठी बोलते, आणि अहिराणी मला समजते पण जिभेवर नीट बसत नाही. त्यामुळे आमचं संभाषण कायम दोन रुळांवरून चालायचं. तरी चुकामूक कधी झाली नाही.

एकट्याने जेवणं त्यांना जमत नसे. चाळीस वर्षं ड्रायव्हरच्या शेजारी बसून डबा खाल्लेला माणूस. बायको होती तोवर रात्री ती समोर बसायची. ती गेली आणि ताटावर बसायचं म्हटलं की त्यांचा घास अडायचा. मग ते ताट घेऊन वट्ट्यावर यायचे आणि रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही हाक मारायचे. "ये रे, जेवाले ये." लोक हात उंचावून "जेवा, जेवा" म्हणत निघून जायचे. ते एकदा मला म्हणाले होते, "सीट कोनलेबी भेटी जाई, मॅडम. सोबत भेटाले नशीब लागस." माझ्या घरात तेव्हा सासू-सासरे, नवरा, दोन मुलं, सकाळी न्हाणीघरासाठी मारामारी. मला ते बोलणं तेव्हा गोड वाटलं होतं, एवढंच.

चिंधामाय कशी जन्मली ते मला ठाऊक आहे, कारण ती आमच्याच भिंतीपलीकडे जन्मली. आमच्या स्वयंपाकघराची आणि त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत एक. आप्पांची बायको जाऊन सहाएक महिने झाले असतील. एका संध्याकाळी मी भाकरी थापत होते आणि पलीकडे भांडण चाललेलं ऐकू आलं.

"मीठ कितलं टाकं? घरमा समुद्र लई उनात का?" बाईचा आवाज.

"तूच टाकं ना! मन्हावर कशाले घाली ऱ्हायनी?" आप्पांचा आवाज.

"मी कशाले टाकसू? मी तं मरी गयी!"

"मरी गयी तं गुपचूप बठ ना मंग!"

माझ्या हातातली भाकरी परातीतच राहिली. मला आधी वाटलं कोणी नात्यातली म्हातारी राहायला आली असावी. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी तेच. वांग्यात पाणी जास्त झालं, चादर झटकली नाही, दिनेशला फोन का केला नाही. दिनेश म्हणजे त्यांचा मुलगा, सुरतला साड्यांच्या कारखान्यात असतो. मी एकदा वाटी घेऊन गेले तेव्हा आप्पा चुलीपाशी बसून एकटेच दोन्ही आवाज काढत होते आणि मला पाहून लाजले. "कोन्ही तरी बोलाले पाह्यजे ना, मॅडम," म्हणाले. भीती वाटावी अशी गोष्ट होती खरी. पण ते भांडण इतकं खुसखुशीत असायचं की मी आणि माझ्या सासूबाई भिंतीला कान लावून तोंडात पदर कोंबून हसायचो.

आमच्या वरच्या मजल्यावर राकेश भाड्याने राहायचा. लग्नाचं शूटिंग करणारा, पस्तिशीचा, गळ्यात सदैव एक वायर. त्याने हे ऐकलं आणि त्याला त्यात धंदा दिसला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने आप्पांना लुगडं नेसवलं, वट्ट्यावर बसवलं आणि म्हणाला, "आप्पा, जे रोज बोलतस तेच बोला." ते तेच बोलले. मेलेली बायको नवऱ्याचं मीठ काढते तो पहिला व्हिडिओ. लोक हसून हसून लोळले. आमच्या स्टाफरूममध्येसुद्धा तो वाजला. मी म्हटलं, हा माझा शेजारी आहे, तर हेडमास्तरांनी पहिल्यांदा मला खुर्ची दिली.

आप्पांना सगळ्यात मोठं नवल वाटायचं ते व्हिडिओखाली लोक जे लिहायचे त्याचं. त्यांना चष्मा लावूनही मोबाईलवरचं बारीक वाचता येत नसे. मग राकेश वाचून दाखवायचा. "माय, तू एक नंबर." "माय, आमच्या आजीची आठवण आली." आप्पा दरवेळी विचारायचे, हा कोण, कोणत्या गावचा, लग्न झालं का. आणि मग राकेशला सांगायचे, "त्याले लिही, जेवाले ये म्हना." राकेश आधी हसायचा, मग कंटाळला. पण आप्पांचा हट्ट, एकूण एक माणसाला तेच उत्तर. एकदा कोणीतरी उत्तरादाखल जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. आप्पांनी ते मला दाखवायला आणलं. "मॅडम, तुम्ही शिकेल शेतस. हात जोडात म्हंजे येस म्हने का नही म्हने?"

मी म्हटलं, "नमस्कार करतोय, आप्पा."

"ते समजनं. पन जेवाले येस का नही?"

तळोद्याकडे एका गावात हळदीला चिंधामायला बोलावलं होतं. माय नाचली, नवरदेवाच्या आईला उखाणा घेऊन लाजवलं, सगळा मांडव डोक्यावर घेतला. कार्यक्रम संपल्यावर आप्पांनी शेतातल्या खोलीत लुगडं सोडलं, पँट-शर्ट चढवला, भांग पाडला आणि जेवणाच्या पंगतीत जाऊन बसले. वाढणाऱ्याने त्यांना खालून वर पाहिलं. "दादा, कोनाकडथीन उनात?" आप्पांनी इकडेतिकडे पाहिलं. मघाशी त्यांच्या पाया पडलेल्या बाया शेजारच्याच पंगतीत होत्या, पण एकीनेही मान वळवली नाही. मग आप्पा म्हणाले, "मी चिंधामायसंगे उनू." लगेच ताट आलं, वर दोन वाट्या वरण-बट्टीचं तूप. हे ते मला सांगत होते तेव्हा हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "मायना वशिल्यावर जेवनू, मॅडम!" मीही हसले. तेव्हा मला त्यात हसण्याशिवाय काही दिसलं नव्हतं.

आता कानबाईचं, खानदेशातल्या त्या कुळदेवीचं, सांगते, कारण सगळं तिथेच बिघडलं.

आमच्या घरात कानबाई बसत नाही, पण शहाद्यात राहून ती माहीत नाही असं होणार नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते. आप्पांच्या कुळाचा नारळ, म्हणजे त्यांची कानबाई, त्यांच्या मोठ्या भावाकडे. त्यांना सगळे नाना म्हणतात, घर आमच्या मागच्याच गल्लीत. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजायचा, म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत. तोच दळायचा आणि त्याचे रोट, म्हणजे पुरणाच्या जाड पोळ्या, करायचे. त्या धान्यात तुमची मूठ आहे म्हणजे तुम्ही कुळात आहात. रोट खायचा तो फक्त भाऊबंदांनी. परक्याला त्यातला कण द्यायचा नाही, लेक सासरी गेलेली असेल तर तिलाही नाही. उरतील ते घरोघरी वाटून न्यायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. ताट धुतलेलं पाणीसुद्धा रस्त्यावर जाऊ द्यायचं नाही. सुरत, पुणे, कुठे कुठे पांगलेले लोक त्या एका दिवसासाठी येतात. वर्षभर न बोललेले भाऊ त्या दिवशी एका ताटाशी बसतात.

आप्पांना वर्षातला हा एक दिवस म्हणजे सबंध वर्ष होतं. आई लहानपणीच गेल्यावर नानांच्या बायकोने, मोठ्या वहिनींनी, त्यांना वाढवलेलं. त्या रविवारी वहिनी त्यांच्या ताटात पहिला रोट टाकायच्या. आप्पा आषाढ लागला की गहू निवडायला बसायचे.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात राकेशला कानबाईवर व्हिडिओ हवा होता. गोष्ट आप्पांनीच रचली. चिंधामायच्या घरी रोट खूप उरलेत, पौर्णिमा उद्यावर आली, आणि भाऊबंद रुसून बसलेत, कोणी खायला येत नाही. मग माय रस्त्यावर उभी राहते. भाजीवाला, पोस्टमन, भंगारवाला, जो जाईल त्याला ओढून आणते आणि पाटावर बसवते. "जो मन्हा रोट खाई, तो मन्हा भाऊबंद!" शेवटी अख्खी गल्ली मायची भाऊबंद होऊन ढेकर देते. भंगारवाला झाला होता राकेश स्वतः. त्याने कॅमेरा तीन पायांच्या स्टँडवर ठेवला, पाटावर बसला आणि रोट मोडून तोंडात घातला.

तो रोट खरा होता. नानांच्या घरून आप्पांच्या वाट्याला आलेला.

मी नंतर त्यांना विचारलं, अहो, साधी पुरणपोळी करून घेतली असती तर? ते म्हणाले, त्यांच्या घरच्या रोटावर वहिनींच्या पाच बोटांचे ठसे असतात. खोटा केला असता तर बायांनी लगेच ओळखला असता. चाळीस वर्षं खोट्या पासवाल्यांना पकडलेला माणूस, खोटं दाखवणं त्यांना शिवतच नव्हतं. आणि ते सगळं खेळातलं होतं, खेळातल्या भंगारवाल्याने खाल्लं होतं. त्यात काही चुकतंय हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. इतका भोळा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तो व्हिडिओ आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त पसरला. नानांच्या घरी तो सुनेच्या मोबाईलवर आला. वहिनींनी आपल्या बोटांचे ठसे ओळखले.

नाना आमच्या गल्लीत आले तेव्हा मी फाटकाशीच होते. ते घरात गेले नाहीत. रस्त्यातूनच बोलले, आणि ओरडले नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटली. "भटू, देवीनं अन्न तू परक्याना तोंडमा घालं."

"नाना, ती शूटिंग व्हती."

"रोट खरा व्हता का नही?"

आप्पांनी होकारार्थी मान हलवली.

"मंग तू आमना नही," नाना म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले. भाद्रपदात नानांच्या नातवाचा मोटरसायकलवरून पडून पाय मोडला. आता सगळ्यांना कारण सापडलं, आणि जे दोन-चार पुतणे अधूनमधून आप्पांशी बोलायचे तेही बंद झाले.

आप्पांनी काय करायचं बाकी ठेवलं? राकेशला सांगून व्हिडिओ काढून टाकला. पण तोंडातून गेलेला शब्द आणि मोबाईलमधून गेलेला व्हिडिओ कुठे परत येतो! लोकांनी तो आपापल्या जागी उतरवून घेतलेला होता. कोणी त्याला गाणं जोडलं, कोणी नाच. मग आप्पांनी लुगडंच सोडलं. राकेशने हातापाया पडून पाहिलं, रुसला, शेवटी जागा सोडून दोंडाईच्याला निघून गेला. सबंध वर्ष चिंधामाय बोलली नाही. वाईट म्हणजे भिंतीपलीकडेही बोलली नाही. मी कान देऊन बसायची. भांड्यांचा आवाज यायचा, बस.

गेल्या श्रावणाआधी ते निवडलेले गहू फडक्यात बांधून नानांकडे गेले. अर्ध्या तासात परत आले, फडकं तसंच गाठ मारलेलं. "मोजाई गया म्हनतस," एवढंच सांगितलं. त्यांची मूठ सोडून मोजले होते. मी म्हटलं, "आप्पा, जाऊ द्या. माणसं विसरतात." माझ्या स्वतःच्या कानालासुद्धा ते पोकळ वाटलं.

मग त्यांनी ठरवलं की आपल्या घरी आपण रोट करायचे. तीन पुरुषांचे गहू मोजले, स्वतःचे, दिनेशचे आणि दिनेशच्या मुलाचे. दिनेशला फोन लावला. तो "देखस" म्हणाला. बघतो म्हणणारा माणूस येत नसतो हे मला कळलं, आप्पांना कळलं नाही. ते गल्लीभर सांगत सुटले, "दिनेश ई ऱ्हायना, पोऱ्याले लईसन." रविवारी पहाटेपासून त्यांनी एकट्याने पुरण शिजवलं, रोट भाजले, खीर केली, गिलक्यांची भजी तळली. पाट मांडला, त्यावर कोरं कापड घातलं, केळीची पानं बांधली. नारळाची जागा मोकळीच ठेवली. "नारळ एकच शे, तो नानाकडे," म्हणाले. "दुसरा मांडा तं कूळ फुटी जाई."

संध्याकाळ झाली. दिनेशचा पत्ता नव्हता, फोनही लागत नव्हता. आणि गाडी थांबली. आप्पा धावत बाहेर आले, अनवाणी.

दिनेश नव्हता. नाशिकचं एक कुटुंब होतं, सात-आठ माणसं, प्रकाशा या तीर्थाच्या गावी दर्शन करून परत निघालेली. चिंधामायचं घर शोधत आली होती. आप्पांनी त्यांना आत घेतलं. दारातून मला दिसत होतं, आणि मी खरंच सांगते, त्या घरात इतकी माणसं मी त्यांच्या बायकोच्या दहाव्यानंतर पहिल्यांदा पाहिली. पोरं पाटाभोवती बसली, बायांनी पदर खोचले, कोणी म्हणालं, माय कुठंय?

"माय गई," आप्पा म्हणाले.

आवाज ओळखून सगळे खो खो हसले. त्यांना तो नवा विनोद वाटला. एका जाडजूड गृहस्थाने आप्पांच्या खांद्यावर हात टाकला आणि रोटांची टोपली पाहून म्हणाला, "माय, आज तर खरंच रोट शेत! द्या ना! जो मन्हा रोट खाई, तो मन्हा भाऊबंद!" सगळ्यांनी ते एका सुरात म्हटलं, टाळ्या पिटून, अगदी मायच्या हेलात. त्या लोकांचं खरोखर त्यांच्यावर प्रेम होतं. ते पोटभर जेवले असते, हसले असते, पुढच्या वर्षीही आले असते. गृहस्थाने टोपलीवरचं फडकं उचललं.

आप्पांनी त्याचं मनगट धरलं. "हात लावायचा नाही."

हे त्यांनी अहिराणीत म्हटलं नाही. तो कंडक्टरचा आवाज होता, विनातिकिटवाल्याला उतरवायचा. मग आप्पा कसंनुसं हसले, चहा ठेवतो म्हणाले, पण बायांनी चपला शोधायला सुरुवात केली होती. गाडीत बसताना त्यांच्यातली एक म्हणाली, "व्हिडिओमा तं कितला गोड बोलस."

मी तिथे गेले. आप्पा टोपली मांडीवर घेऊन बसले होते. तीन माणसांचे रोट. मी म्हटलं, "आप्पा, ताट वाढा. मी बसते तुमच्यासमोर. खाते."

"खाशात तुम्ही. माले म्हाईत शे," ते म्हणाले. "पन तुम्ही खादं का मंग नाना म्हने तेच खरं व्हयी जाई. मी परक्यासले खावाडस म्हनीसन. आते माले तितलंच ऱ्हायनं शे, मॅडम. परक्याले नही दिधा, हाई तरी ऱ्हावू द्या."

परकी. वीस वर्षं एका भिंतीला भिंत, आणि मी परकी. मला त्यांचा राग आला, नानांचा आला, त्या सव्वा मुठीचा आला. रडूही आलं. पण उठून घरी जाववेना. मग मी उंबऱ्याबाहेर बसले आणि ते आत जेवले.

पौर्णिमेपर्यंत त्यांनी ते रोट एकट्याने संपवले. आंबलेले, वास आलेले, सकाळ-संध्याकाळ. पोट बिघडलं, डॉक्टर रागावले, तरी संपवले. भाद्रपदात ते घराला कुलूप लावून गेले. खांडबाऱ्याला त्यांचा जुना ड्रायव्हर राहतो, त्याच्याकडे गेले म्हणतात. मी दोनदा फोन केला. एकदा कोणी उचलला नाही, एकदा नंबर बंद होता. चिंधामाय अजून माझ्या मोबाईलवर येते, कोणी ना कोणी पाठवतं. मी उघडत नाही.

माझ्या डोळ्यांसमोर आप्पा येतात ते मात्र त्या रविवारनंतरच्या सकाळचे. सोमवारी कानबाई बोळवायला गोमाई नदीवर नेतात. नानांची कानबाई आमच्याच गल्लीतून जाते. भाऊबंदाच्या दारावरून जाताना ती डोक्यावर घेतलेली बाई थांबते, घरचा माणूस तिच्या पायांवर पाणी घालतो, आणि मग ती पुढे जाते. आप्पा धुतलेला सदरा घालून, टोपी घालून, पाण्याचा तांब्या दोन्ही हातांत धरून रस्त्याच्या कडेला उभे होते. मी माझ्या वट्ट्यावर होते, जरा उंचावर.

वाजंत्री आली. पुढे पोरं नाचत होती, मग नाना काठी टेकत, मग मोठ्या वहिनी, डोक्यावर कानबाई, एक हात वर धरलेला. त्यांच्या मागे पुतणे. आणि पुतण्यांमध्ये दिनेश, खांद्यावर मुलाला घेऊन. म्हणजे तो आला होता. त्याची आणि पोराची मूठ तिकडे मोजलेली होती. आप्पांनी त्याला पाहिलं. दिनेशने मुलाचे पाय नीट धरण्याचं निमित्त करून मान खाली घातली.

मिरवणूक रस्त्याची पलीकडची बाजू धरून चालली होती. आप्पांच्या समोर आल्यावर वहिनी थांबल्या. दोन-तीन क्षण. आप्पांनी तांब्या पुढे केला, एक पाऊल टाकलं. मला वट्ट्यावरून दिसत होतं, पुढच्या वळणावर केळीचा टेम्पो मागे घेत होते, म्हणून अख्खी मिरवणूकच थबकली होती. टेम्पो सरला. वहिनी सरळ समोर पाहत चालायला लागल्या आणि सगळे गेले.

आप्पा रस्ता ओलांडून गेले. वहिनी जिथे उभ्या होत्या तिथे वाकून त्यांनी तांब्यातलं सगळं पाणी घातलं. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता. दिनेशबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत.

"थांबनी व्हती ना, मॅडम?" त्यांनी विचारलं. "वहिनी थांबनी व्हती. तुम्ही देखं ना?"

मी म्हटलं, "हो, आप्पा. थांबल्या होत्या."